मला परत आणू नका

मी एक जुनी, मातीची, काढ्याची हंडी आहे. माझा एक कान तुटला आहे. त्यावरून कुणी हळहळू नये. काढा काही कानाने उकळत नाही.

मित्रांनो, चीनमधल्या आमच्या बोजौ गावात एक रीत आहे. काढ्याची हंडी गरजेला कुणीही न्यावी, पण परत आणून देऊ नये. हंडीमागून आजारपण येतं म्हणतात. पुढच्या गरजवंताने स्वतः जाऊन आणावी. छ्याओ वैद्यांनी मला विकत घेतलं खरं, पण मी नांदले चाळीस घरांत.

वैद्यांची मुलगी वेनझू शहरातल्या प्रयोगशाळेत काम करते. आपल्या वनस्पतींतलं काही विषाणूला रोखतं का, हे ती शोधते. तिच्या दोन चाचण्या फसल्या. साहेबांनी एकच शेवटची संधी दिली, नाहीतर काम बंद. रडवेली होऊन ती घरी आली.

वैद्यांनी विचारलं, "उकळलंस कशात?"

"स्टीलच्या पातेल्यात. दीड तास."

"पुदिनासुद्धा?"

"सगळं एकदमच."

"अगं, पुदिना शेवटची पाच मिनिटं! त्याचा अर्क वाफेबरोबर उडाला आणि तू नुसतं पाणी तपासलंस. वैद्याची मुलगी म्हणे! जा, आपली मातीची हंडी घेऊन ये."

मी तेव्हा शेजारच्या ब्येन काकूंकडे होते. वेनझू दारात येताच काकू हसल्या. "काय गं, मशिनं दमली वाटतं? ने हो, पण जपून. माझा खोकला हिनेच घालवलाय."

तिसऱ्या चाचणीचा काढा प्रयोगशाळेत माझ्यात उकळला, पुदिना शेवटी घातला, आणि काचेच्या बशीतल्या विषाणूची वाढ निम्म्यावर आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वेनझू टेबलावर डोकं टेकून रडली. काम वाचलं!

मग बाजारात पाट्या लागल्या, 'चमत्कारी हंडीचा काढा'. माझं पित्त खवळलं. बशीतला विषाणू वेगळा, माणसाच्या छातीतला वेगळा. वेनझूही सगळ्यांना हेच सांगते. अजून पुष्कळ तपासायचं आहे.

परवा साहेब म्हणाले, "आता ही तुटकी हंडी घरी पाठवून द्या."

वेनझू म्हणाली, "आमच्यात परत देत नाहीत, साहेब. ज्याला हवी तो येऊन नेईल."

मित्रांनो, मला देव्हाऱ्यात बसवू नका आणि उकिरड्यावरही फेकू नका. चुलीवर चढवा, तपासा. हरले तर हरले असं लिहा, मी घाबरत नाही. ज्याला शंका असेल त्याने खुशाल यावं, मला घेऊन जावं.

परत मात्र आणू नये.