पानाखालची ओळ

रेणुकानं फोन कानाशी धरून तो अभिप्राय तिसऱ्यांदा ऐकला. फोनमधली बाई नेहमीच्या सपाट आवाजात वाचत होती, "ताई, तुम्ही पण?" बस्स, एवढंच. खाली मलकपेठच्या कुणा प्राजक्ताचं नाव.

तुम्ही पण काय? पोस्ट तर बेगम बाजारातल्या धण्यांवर होती. तळहातावर चोळून वास कसा घ्यायचा, जुना माल कसा ओळखायचा, दुकानदार गोड बोलू लागला की पोत्यात आणखी खोलवर हात का घालायचा. आठवड्यातला हा चौथा असा अभिप्राय. एकानं लिहिलं होतं, 'आपल्यातल्याच निघालात.' आपल्यातल्या म्हणजे कुणातल्या? जातीतल्या? नांदेडच्या?

तीन वर्षं ती हा ब्लॉग लिहीत होती आणि आपल्याला दिसत नाही, हे तिनं त्यात एका अक्षरानंही कळू दिलं नव्हतं. लाज मुळीच नव्हती. पण ऑफिसात तिचं काम बाजूला राहायचं आणि 'एवढं कसं बाई जमतं तुम्हाला' हेच सुरू व्हायचं. त्या कौतुकाचा तिला वीट आला होता. निदान एका जागी लोकांनी तिच्या नाकाचं ऐकावं, डोळ्यांची चौकशी करू नये. तीही जागा कुणीतरी उघडी पाडली की काय, अशी शंकेची पाल तिच्या मनात चुकचुकली.

"आई, माझ्याबद्दल कुठं काही बोललीस का?"

सखूबाई लसूण सोलत होत्या. "मी कुनाला बोलू? या अंबरपेठात निम्म्या बाया तेलुगू बोलत्यात, निम्म्या हिंदीत 'नक्को, हौ' करत्यात. माझं कोन ऐकतंय?"

राहिला आदर्श. तिचा धाकटा भाऊ. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या, हीच त्याची नोकरी. दोन आठवड्यांपूर्वी त्यानं तिचा पासवर्ड मागून घेतला होता. "थोडी सेटिंग करतो," म्हणाला होता, आणि तेव्हापासून वाचक एकदम वाढले होते. रेणुकाला तेव्हाच विचारायला हवं होतं.

ती नेहमी लिहायच्या पानावरच काम करायची. प्रसिद्ध झालेलं पान पुन्हा कोण ऐकत बसतं? आज तिनं ते उघडलं आणि बोट सारत तळाशी गेली. धणे संपले, अभिप्राय संपले. फोनमधली बाई मात्र थांबली नाही.

"अंध महिला स्वयंपाक. आंधळी बाई मसाले. अंध असूनही जिद्द. प्रेरणादायी अंध ब्लॉगर."

रेणुकाचे कान तापले.

"आई, इकडं ये. पानाच्या सगळ्यात खाली काय लिहिलंय, वाच."

सखूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "काई नाई. कोरं हाय."

"नीट बघ."

"अगं, पांढरं फटक हाय. खोटं कशाला सांगू?"

आई सांभाळून घेतेय, असं रेणुकाला वाटलं. हे तिला नवं नव्हतं. लहानपणापासून आई हेच करत आली होती. तिनं फोनमधल्या बाईला बंद केलं आणि आईला त्या कोऱ्या जागेवर बोट दाबून धरायला लावलं.

"अगं बाई! निळं झालं. अक्षरं आली की."

सखूबाई एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. "अंध... महिला... स्वयंपाक..." आणि पुढच्या शब्दाशी थांबल्या. तो शब्द त्यांनी या घरात कुणालाही उच्चारू दिला नव्हता. त्यांनी फोन रेणुकाच्या हातात दिला आणि पुन्हा लसूण सोलायला बसल्या.

रविवारी आदर्श आला, तेव्हा त्यानं कानांवर हात ठेवले नाहीत.

"ताई, लोक जे शब्द शोधतात ते पानावर असले की पान वर येतं. म्हणून पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत टाकलेत. कुणालाच दिसत नाहीत."

"मला ऐकू आले."

जगाच्या वेबसाइट वर आणणाऱ्या आदर्शला आपली बहीण पान कसं वाचते, एवढंच सुचलं नव्हतं. रेणुकाला त्याची कीव आली नाही. रागच आला.

"कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, ते मी ठरवणार होते."

"सॉरी, ताई. आत्ता काढतो. तशी ही ट्रिक फार दिवस चालत नाहीच. सर्चवाल्यांनी पकडलं तर पान पार मागं टाकतात."

"काढ."

त्याची बोटं लॅपटॉपवर चालू लागली. रेणुका फोन चाळत राहिली. प्राजक्तानं पुन्हा लिहिलं होतं. "मोहरी तडतडून झाली हे कसं ओळखता? मला दोन वर्षांपासून दिसत नाही. दरवेळी करपते."

रेणुकाचं बोट तिथंच थांबलं. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी ती जागा कोरी होती; ऐकून वाचणाऱ्यांसाठी नव्हती. कोरी होती ती खुद्द आईसाठीसुद्धा.

"पुसलंस?"

"हो. साफ."

"आता तिथंच लिही. मी सांगते." तिनं घसा खाकरला. "हो, मी पण. मोहरी कानानं ओळखायची. तडतड विरळ झाली की लगेच गॅस बंद. जिरं त्यानंतर, उरलेल्या तापावर. पुन्हा करपली तर लिहा, मी इथंच आहे."

आदर्शनं लिहून घेतलं. "काळ्या अक्षरांत करतो ना?"

"नको. पांढऱ्यातच राहू दे."

"ताई, सांगितलं ना, पान मागं पडेल. आत्ता कुठं लोक यायला लागलेत."

"पडू दे."

सखूबाई मागून डोकावल्या. "काय लिवलंस गं एवढं? मला तं काईच दिसंना."

रेणुकानं फोन त्यांच्या कानाला लावला.