दोनापासून सुरू होणारी टेप

टाचणीचं फक्त डोकं दिसत होतं... गंजून लाकडाच्याच रंगाचं झालेलं, म्हणून तर इतकी वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नसेल. धाकटीनं ते नखानं उकरून पाहिलं, पण टाचणी जागची हलेना. खिडकीची जुनी चौकट भिंतीतून सुटी करून पलंगाला टेकवून ठेवली होती, आणि तिच्या उजव्या उभ्या लाकडावर, स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीला, भोकंच भोकं होती – बारीक, दाट, जिथे बोट ठेवावं तिथे एक. सगळी आईनं पाडलेली. टाचण्या खोचायला एक मऊ उशी धाकटीनंच शाळेत असताना शिवून दिली होती, पण ती कायम कापडाच्या ढिगाखाली हरवलेली; आईचा हात मशीनवरून निघायचा तो न बघता खिडकीकडे जायचा, टच्... टाचणी लाकडात, आणि पुन्हा न बघता तीच टाचणी बाहेर. डोळे शिवणीवर, ओठांत दोऱ्याचं टोक, आणि तशा मिटल्या तोंडानंच धाकटीचा चुकलेला पाढा दुरुस्त करणं चाललेलं.

पन्नाशी ओलांडली तरी घरात ती धाकटीच. ऑफिसातले लोक नावानं हाक मारतात, पण त्या नावाला तिनं कधी मनापासून ओ दिली नसेल. आणि जिनं धाकटी म्हणायचं ती आई वर्षभरापासून तिला कधी ताई म्हणते, कधी शेजारची बाई समजून 'बसा ना, उभ्या का?' म्हणते. जेवता जेवता उठते आणि अगदी नम्रपणे सांगते, मला आता घरी सोडा. मग धाकटी तिला हाताला धरून ह्या खोलीत आणते, मशीनपुढच्या स्टुलावर बसवते, आईचा हात आपसूक चौकटीवर जातो, बोटं त्या भोकांवरून फिरतात... आणि आई सुस्कारा सोडून म्हणते, 'आले बाई घरी.' एवढ्या मोठ्या घरात आईचं घर म्हणून उरलं होतं ते चार बोटं लाकूड, आणि तेच आज धाकटीनं समोर उभं राहून उपटायला लावलं होतं.

करणार काय? लाकूड खालून कुजलं होतं. फटींतून वारं यायचं, आईचा खोकला हटता हटत नव्हता, आणि दादा बोलायचा ते बरोबरच बोलायचा – आठवणींनी छाती गरम राहत नाही. त्यानं घरभर विनाइलच्या खिडक्या सांगितल्या आणि काम होईपर्यंत आईला आपल्याकडे घेऊन गेला. आज संध्याकाळी परत आणणार होता. आई ह्या स्टुलावर बसेल, हात लावेल, हाताला पांढरं, गुळगुळीत, थंड काहीतरी लागेल... आणि मग तिला घरी कुठे सोडायचं? सकाळपासून धाकटी हाच प्रश्न उलटसुलट करत होती.

खिडकीवाला मात्र मजेत होता. जाडजूड, बोलका माणूस, हातोडी मारतानाही त्याच्या गप्पा थांबत नव्हत्या. 'प्लास्टिक बादलीचं असतं ताई, हे विनाइल आहे,' असं त्यानं आल्याआल्याच बजावलं होतं, आणि तेव्हापासून धाकटीनं मनातल्या मनातही प्लास्टिक म्हणायचं सोडलं होतं. बाकीच्या खिडक्या त्यानं बोलता बोलता बसवल्या. ही शेवटची. ती त्यानं उचलून भिंतीच्या मोकळ्या जागेत ठेवली, डावीकडे सारली, उजवीकडे सारली... आणि गप्प झाला. बोलका माणूस गप्प झाला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

'ह्या खोलीचं माप तुम्हीच दिलं होतं ना, ताई?'

तिनंच दिलं होतं. तो मापं घ्यायला आला त्या दुपारी आई इथे झोपली होती, आणि जाग आल्यावर परका पुरुष दिसला की ती घाबरते, म्हणून त्यानं आपली पोलादी टेप दारातूनच धाकटीच्या हातात दिली. उंची सगळ्या खिडक्यांची सारखीच आहे, फक्त रुंदी सांगा म्हणाला. ती चवड्यांवर आत गेली, नीट मोजलं, खात्रीसाठी पुन्हा मोजलं, बाहेर येऊन हळूच आकडा सांगितला. आणि आता नवी खिडकी डाव्या भिंतीला चिकटवली की उजवीकडे सरळ दोन इंचांची फट, फटीतून रस्ता, रस्त्यावरचं वारं. तिनं त्याची टेप घेतली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणली, आकडा वाचला. आणि ओठ आपोआप हलले – वजा दोन.

वजा दोन... अरे देवा.

आईची टेप पिवळी होती, कापडी. शेजारणीशी गप्पांत रंगून आईनं तिच्या टोकावर इस्त्री विसरली, जळालेला तुकडा कात्रीनं उडवला, आणि तेव्हापासून ती टेप दोनापासून सुरू व्हायची. नवी घे म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण आई ऐकणारी नव्हे. 'टेप चांगली आहे,' ती म्हणायची, 'आहे तिथून धरायची, गेलेलं वजा करायचं. त्यात रडण्यासारखं काय?' गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावून ती आकडा मोठ्यानं सांगायची आणि पाटीवर लिहिणारी धाकटी त्याच्या पाठोपाठ 'वजा दोन' म्हणून उरलेला लिहायची. जेवायला बसल्यावर दादा म्हणायचा, पोळ्या चार वजा दोन, आणि आईचा धपाटा खायचा. शाळेत धड फूटपट्टीनं रेघ आखतानासुद्धा तो दोन वजा करायचा आणि मास्तरांची बोलणी घरी आणायचा. मशीनच्या तेलाचा वास, कोऱ्या कापडाचा वास, खिडकीतून तिरपं येऊन आईच्या हातांवर पडलेलं ऊन... किती सुखात होतो आपण, आणि तेव्हा कुणी सांगितलंही नाही. ती टेप कधीच कुठेतरी गेली. तिची खोड तेवढी धाकटीच्या बोटांत राहिली होती, आणि त्या खोडीनं एका धडधाकट पोलादी टेपेतून दोन इंच खाऊन टाकले होते.

तिला हसू फुटलं. खिडकीवाल्याला वाटलं, बाईंना धक्का बसला. चूक आपलीच आहे असं तिनं सांगितल्यावर तो लगेच मोकळा झाला. असं होतं म्हणाला, अर्धं इकडे अर्धं तिकडे करू, बाहेरून फट नीट बुजवून पक्की करू, आतून वर पांढरी पट्टी मारू, कुणाला कळायचंसुद्धा नाही.

'कळायला हवंय,' धाकटी म्हणाली.

आणि तिनं त्याला पलंगाला टेकवलेलं ते लाकूड दाखवलं. बाहेरून काय हवं ते करा, पण आतली पट्टी ह्याची कापून लावा. त्यानं लाकूड उलटसुलट करून पाहिलं, कुजलेल्या टोकाला बोटानं टोचलं.

'नव्याकोऱ्या खिडकीला जुनं ठिगळ? लोक मला हसतील, ताई.'

'ठिगळं लावूनच पोट भरलेलं घर आहे हे.'

तो करवत काढायला वाकला. गॅरंटी खिडकीची, लाकडाची नाही, एवढं मात्र त्यानं बजावलं. मग विचारलं, दोन्हीकडे थोडं थोडं की सगळं एकाच बाजूला? धाकटी स्टुलावर बसली. डोळे मिटले. खोटं कापड मशीनच्या सुईखाली सरकवलं, आणि हात सोडून दिला. तो उजवीकडे गेला.

कुजलेलं टोक कापून टाकलं तेव्हा आतलं लाकूड अजून पिवळं, ताजं निघालं. पट्टी बसली. खाली थोडी कमी पडली, तिथे पांढरा तुकडा आला, आणि एकंदर प्रकार ओबडधोबड दिसत होता हे धाकटीनं स्वतःशीच कबूल केलं. टाचणी मात्र होती तिथेच होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. निघालोय म्हणाला. आई गाडीत विचारतेय, घरी कोण आहे?

'तू काय सांगितलंस?'

'म्हटलं, धाकटी आहे. तर म्हणाली, असेल.'

खिडकीवाल्यानं सामान आवरता आवरता खिडकी लावून दाखवली, आणि रस्ता एकदम गप्प झाला... हॉर्न नाही, पोरांचा कालवा नाही, काही नाही. तो गेल्यावर त्या शांततेत धाकटी भोकांवरून बोट फिरवत उभी राहिली. आईचा हात इथे येईल? आला तरी ओळखेल? माहीत नाही. सकाळचा तो प्रश्न अजून होता, पण त्याची धार गेली होती. वर्षभर मी काय करत होते – रोज सकाळी तिला शून्यापासून मोजायला बसत होते. मी कोण, सांग बरं? हे कोण, आठव बरं? आणि जेवढं कमी भरेल तेवढं रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं. जिनं जळक्या टेपेवर अख्ख्या गल्लीचे कपडे बेतले, तिच्या पोरीला एवढं कळू नये.

खाली दादाची गाडी थांबली. आई उतरली आणि लोकाच्या घराकडे बघावं तसं घराकडे बघत उभी राहिली. धाकटीनं स्टूल जरासं उजवीकडे ओढलं. ताई म्हणाली तर ताई, बाई म्हणाली तर बाई... आहे तिथून धरायचं. ती दार उघडायला निघाली.