पोपटची वरात

पोपटची वरात लॉरीतून निघणार आणि लॉरी खुद्द नवरदेवच चालवणार, ही बातमी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गावांत हळद लागायच्या आधीच पोचली होती. १९५४चा वैशाख होता. तळेपाड्यातल्या वराती तोवर बैलगाडीतून निघत. लॉरी कल्याणच्या एका शेठची, युद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली. पोपट तिच्यातून खाडीची रेती वाहायचा. गावात तिला पोपटचीच लॉरी म्हणत आणि ती दिसली की रस्ता सोडत.

पहाटे गावच्या बायका डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन डोंबिवलीच्या बाजाराला निघत. पोपट लांबूनच भोंगा दाबायचा. वेग कमी करायचा नाही. बायकांनी पाटीसकट कडेच्या चरात उतरावे, अशी त्याची पद्धत. डोंबिवलीचे हरिहर वर्तक मुंबईच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. रविवारी ते सायकलवरून ताज्या भाजीसाठी या बाजूला येत. तेही दोनदा चरात गेले होते. तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस चौकीवर त्यांना लॉरीचा नंबर विचारला. नंबरपाटीवर चिखल होता, असे त्यांनी सांगितले. मग चिखलाविरुद्ध तक्रार द्या, असे उत्तर मिळाले.

होळीच्या आठवड्यात गावचीच तुळसा बाजाराला निघताना पडली. ती बाजूला सरत होती, पण लॉरीची फळी पाटीला लागली. वांगी रस्ताभर झाली आणि तुळसाचे मनगट मोडले. हे तिच्याच वाडीसमोर घडले. पोपटने खिडकीतून मान काढली.

"कान फुटलं काय गो काकी? भोंगा नाय ऐकला?"

आणि तो गेला. हात झोळीत बांधून तुळसा उन्हाळा काढत होती. वाडीला पाणी काढणारे दुसरे कोणी घरात नव्हते. मिरच्या वाळल्या, वांगी किडली. आणखी एखाद्या बाईचा हात मोडेपर्यंत हे असेच चालणार, हे सगळ्यांना दिसत होते.

तुळसाची शेजारीण बायजा ही गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीवाचून अडत नाही. धवलारीण नसेल तर मांडवाचा पहिला खांबही रोवत नाहीत. प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, लागतात. म्हणून पोपटची आई लक्ष्मी नारळ घेऊन बायजाच्या ओट्यावर आली, तेव्हा अख्खी आळी दारात उभी राहिली. बायजा नाही म्हणणार, असा सगळ्यांचा अंदाज होता.

"लग्नाला नाय बोलाचा नसते," बायजा म्हणाली. "ठेव नारल. पन मी लॉरीन बसनार नाय. मी चालनार."

"चाल ना गो. गारी पुढं जाईल, तू मागशी ये."

"धवलारीन नवऱ्याचे मागं कवा चालली? मी पुढं. गारी माझे मागं. नि धवला चालू असताना भोंगा वाजवाचा नाय."

लक्ष्मीने घरी जाऊन हे सांगितले तेव्हा पोपट हसला. दुसरी धवलारीण आणतो म्हणाला आणि लॉरी घेऊन निळज्याला गेला. तिथल्या म्हातारीने त्याला नीट न्याहाळून घेतले.

"तूच ना रं तो? माझी टोपली अजून चरान परलीय. ती आन जा आधी."

पुढच्या गावातही तेच झाले. या रस्त्याने चालत न जाणारी धवलारीण त्याला सापडली नाही. शेवटी त्याने बायजाची अट कबूल केली. नवरीच्या काटईपर्यंतचा तर रस्ता, असे तो मित्रांना म्हणाला.

वरात दुपार कलल्यावर निघाली. लॉरीला केळीचे खांब आणि पताका बांधल्या होत्या. मागे वऱ्हाड दाटीने उभे. स्टिअरिंगच्या चाकाशी पिवळ्या अंगाचा, बाशिंग बांधलेला पोपट. बाशिंग दर धक्क्याला डोळ्यांवर येत होते. पुढे रस्त्याच्या मधोमध बायजा, पदर खोचून, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गावच्या बायका, या चरापासून त्या चरापर्यंत.

बायजाने धवला उचलला आणि तिला सवड होती तशी ती चालू लागली.

पहिल्या गिअरमध्ये लॉरी गुरगुरत राहिली. मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाने थोडा वेळ वाट पाहिली आणि ओरडला, "ए पोपट, साईड दे! बैलाना झोप येते!" वऱ्हाडच हसले. बायकांनी वळून पाहिले आणि बैलगाडीला वाट करून दिली. पोपटचा हात भोंग्याकडे गेला. मागून लक्ष्मीने फळीवर थाप मारली, "हात काढ मेल्या, धवला चाललाय!" त्याने हात काढला.

तेवढ्यात हरिहर वर्तक सायकलवरून आले. लॉरीच्या बाजूने पुढे जाताना त्यांनी घंटी वाजवली. जरुरीपेक्षा बरीच जास्त वाजवली. मग सायकलवरून उतरले आणि टोपी सावरून बायकांच्या मागे चालू लागले. भाजी त्या दिवशी राहिली.

तुळसाच्या वाडीसमोर लॉरीच्या नाकाडातून वाफ उसळली आणि इंजिन गप्प झाले. वैशाखातले ऊन आणि पहिला गिअर, पाणी उकळले होते. पोपट उतरला. बायजाही थांबली, पण गाणे थांबले नाही. तिने नवी ओळ जोडली आणि बायकांनी ती झेलली:

"वाटंनं चालते तुलसा गो, डोईवं भाजीचा भारा,
मागशी आला नवरा गो, त्याचा केवरा तोरा!"

तुळसा विहिरीच्या काठावर बसली होती.

"पानी पायजे," पोपट खाली बघत म्हणाला.

"पायजे तर हाय की. हंडा तिथं हाय. माझे हातान उचलत नाय, तुला ठावं हाय ना?"

त्याचे मित्र पुढे सरसावले. "तुमी नाय," तुळसा म्हणाली. "त्यो."

पोपटने पाणी शेंदले. बाशिंगामुळे हंडा डोक्यावर बसेना, तेव्हा खांद्यावर घेतला. रस्त्याच्या कडेने, पाणी अंगावर सांडत तो लॉरीकडे येऊ लागला. त्याच वेळी कल्याणकडून विटांची एक लॉरी धुरळा उडवत आली. बायका विहिरीपाशी सरकल्या होत्या, रस्ता मोकळा दिसत होता. ड्रायव्हरने भोंगा दाबला तो दाबूनच ठेवला.

"बाजूला हो रे नवरदेवा!"

पोपट चरात गेला. हंडा आधी, मग तो. हळदीच्या अंगावर चिखल आणि धूळ बसली, बाशिंग एका कानावर आले. आधी तुळसा हसली.

"कान फुटलं काय रं? भोंगा नाय ऐकला?"

हसू रस्ताभर पसरले. पोपट चरात उभा राहिला. तो तुळसाच्या हाताकडे पाहत होता. तिकडे विटांची लॉरी त्याच्या बंद लॉरीपाशी वऱ्हाडामुळे अडली होती आणि भोंगा वाजतच होता. पोपट चर चढून वर आला, त्या लॉरीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात आडवे केले.

"भोंगा बंद कर! मानसं चालतात, दिसत नाय?"

"तू कोण मोठा? कोणाचा रस्ता आहे हा?"

पोपटने मागे वळून पाहिले. "हिला विचार," तो म्हणाला आणि बायजाकडे बोट केले.

भोंगा बंद झाला. पोपट पुन्हा विहिरीवर गेला, हंडा भरून आणला आणि रेडिएटरमध्ये ओतला. रिकामा हंडा त्याने स्वतः परत नेऊन तुळसासमोर ठेवला.

"काकी, वाडीला पानी उद्यापासना मी काढतो. हात बरा होईसतर."

"परवापासना," तुळसा म्हणाली. "उद्या नवरी घरात असंल." मग बायजाला हाक मारली, "ने गो याला आता. ऊन उतरलं."

"नि त्या विटांच्या गारीचा काय?" कोणी तरी विचारले.

बायजाने त्या लॉरीकडे पाहिले. "त्याला बोलाव लग्नाला. वलवून घे गारी नि ये मागशी."

ड्रायव्हर कुरकुरला, पण पुढे चरापासून चरापर्यंत बायका उभ्या राहिल्या होत्या. त्याने लॉरी वळवली. बायजा पदर खोचून रस्त्याच्या मधोमध आली. या वेळी तुळसा तिच्या शेजारी होती, बांधलेला हात छातीशी धरून. काटईच्या वेशीवर नवरीकडची माणसे वाट पाहत होती. त्यांना आधी धवला ऐकू आला, मग बायका दिसल्या, मग सायकल हातात धरून चाललेले टोपीवाले गृहस्थ, आणि त्यांच्यामागे पहिल्या गिअरमध्ये, भोंग्याशिवाय, एकामागे एक दोन लॉऱ्या.