पडदेवाल्या ताईंचा खांदा

ताई सदुसष्ट वर्षांच्या. धाकट्या भावाबरोबर पडदे शिवण्याचं दुकान चालवायच्या. माप, शिलाई ताईंची. भिंतीला भोकं पाडणं भावाचं. दांडी धरून पडदा टांगणं दोघांचं. एका गिऱ्हाइकाच्या घरी स्टूल कलंडलं, ताईंनी पडताना खिडकीची चौकट पकडली आणि उजव्या खांद्यात काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "स्नायूचा दोर फाटलाय. पण तुमच्या वयात ऑपरेशन न करताही पुष्कळांचा हात चालता होतो. व्यायाम नेमाने करायचा. तोवर हात डोक्यावर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. तीन महिने तरी लागतील."

भाऊ बाहेर बाकावर बसला होता. "ऑपरेशन नाही ना? मग सुटलो!" तो म्हणाला.

त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईंनी दोन महिने दुकान एकटीने रेटलं होतं. वर रोज डबाही पोचवला होता. आता ताईंच्या अंगावर ना टाका, ना पट्टी. भावाच्या लेखी त्या ठणठणीत होत्या.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्या भिंतीवरून बोटं सरकवत हात वर न्यायच्या. जिथे पोचेल तिथे शिवणाच्या खडूने रेघ. भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा, "ताई सध्या भिंत चढतायत." गिऱ्हाइकं हसायची. ताईही हसायच्या, काय करणार! कूस बदलली की खांद्यातून कळ जाऊन जाग यायची, ते कोणाला सांगणार?

सात आठवड्यांत रेघ कपाळापर्यंत आली. तेवढ्यात एका कचेरीचं काम आलं, बारा खिडक्या. भाऊ म्हणाला, "एकच दिवस. तू नुसती दांडी धर."

ताईंनी धरली. सातव्या खिडकीशी हात लुळा पडला, दांडी खाली आली. भाऊ ओरडला, "अगं, काच फुटली असती ना!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी संतापली. "भावाला घेऊन या."

भाऊ आला. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि ताईंच्या देखत म्हणाला, "अहो, दुखतं थोडं, मान्य. पण खरं सांगू? तिला आता कामाचा कंटाळा आलाय."

चाळीस वर्षं त्याच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या ताई उठल्या. खुर्चीवरची पिशवी डाव्या हाताने उचलून निघाल्या.

शिलाईचं मशीन त्यांनी दुकानातून घरी आणवलं. व्यायाम पहिल्यापासून सुरू केला. साडेचार महिन्यांनी अंबाडा स्वतःचा स्वतः घालता आला. जड काही वर उचलायचं नाही, हे मात्र कायमचं. फाटलेलं तसंच आहे, बाकीच्या स्नायूंनी भार उचललाय, असं त्या मुलीने समजावलं होतं.

भावाने फोनवर म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो? काही झालंच नव्हतं." ताईंनी फोन ठेवला.

मग भावजय आली. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, "कधी येताय दुकानात? यांना एकट्याला जमत नाही हो."

"नाही येणार."

"एवढ्याशा बोलण्यावरून?"

ताईंनी कापडाची चुणी अंगठ्याने दाबली, टाचणी लावली आणि पुढची घालायला घेतली. भावजय चपला घालून गेली.