खुशालरावांचा वारा

खळ्यावर धान्याची उफणणी व्हायची तेव्हा खुशालराव तिवईवर उभे राहून शीळ घालायचे आणि वारा यायचा. कधी लगेच यायचा, कधी दोन तासांनी. पण आला की श्रेय शिळेचंच. पुढे थ्रेशर आलं, उफणणी संपली, तरी वारा खुशालरावांच्या शब्दाबाहेर नाही, ही इज्जत त्यांनी अंजनगाव सुर्जीजवळच्या त्या गावात टिकवून धरली होती. सत्तरीत माणसाजवळ दुसरं असतं तरी काय?

डिसेंबरात त्यांच्या गव्हात तणनाशक फवारायला ज्योत्स्ना ड्रोन घेऊन आली. पोरगी मोजकं बोलणारी. तिने बांधावर काठी रोवून तिला लाल फीत बांधली. हे औषध गव्हाला काही करत नाही, पण शेजारी गफ्फारभाईंचा हरभरा आहे, त्यावर उडालं तर तो जळेल; फीत तिकडे वळली की ड्रोन खाली, असं तिने सांगितलं. खुशालरावांना रागच आला. ते स्वतः हजर असताना वारा चिंधीला विचारायचा?

ड्रोन पुरुषभर उंचीवरून घोंगावत गहू भिजवत राहिला. खुशालराव बांधावर बसल्या बसल्या रंगात आले आणि जुन्या सवयीने त्यांनी शीळ घातली. फीत जरा चाळवली. ज्योत्स्नाने ते पाहिलं, पण एकच फेरी उरली होती, म्हणून तिने रेटलं. तेवढ्यात वारा गर्रकन फिरला. तिने फवारा बंद करेपर्यंत औषधाचे तुषार बांध ओलांडून गेले होते.

चौथ्या दिवशी बांधालगतच्या हरभऱ्याच्या चार ओळी मुरगळल्या. गफ्फारभाईंनी गावातली माणसं बांधावर बोलावली. काही जण खुशालरावांच्या शिळेबद्दल कुजबुजत होते. ज्योत्स्नाने मात्र काही लपवलं नाही. चूक तिची होती, भरपाई तीच करणार होती.

"काकाजीले बोल लावू नका," ती म्हणाली. "वारा आपोआप फिरला. शिळीनं कुठी वारा येते?"

माणसं हसली.  खुशालराव अलगद सुटले होते खरे, पण चाळीस वर्षांची इज्जत त्या चार ओळींसोबत वाळून चालली होती. ते उठून उभे राहिले.

"आपोआप? मी बोलावला त्याले. नुकसान माह्याकडं."

गफ्फारभाईंनी ते मान्य केलं आणि हसू दाबून वर एक अट घातली: पुढच्या फवारणीच्या दिवशी खुशालरावांनी गावात थांबायचं नाही.

जानेवारीत ते पहिल्या बसने अमरावतीला लेकीकडे गेले. ज्योत्स्नाने उजाडताच, वारा पडलेला असताना, काम उरकलं. मधे फीत जराशी हलली तेव्हा ड्रोन उतरवून मुकाट्याने थांबलीसुद्धा. नऊ वाजता खुशालरावांचा फोन आला. तिने सांगितलं, वारा नव्हताच म्हणा ना.

"वारा तिथं कसा राहीन? मी इथं आलो ना," खुशालराव म्हणाले आणि लेकीच्या गॅलरीत जाऊन समोरचा कडुनिंब हलतो का ते बघत बसले. हलत होता.