अकरा घरांचं विरजण

वर्गात पाऊल टाकताच बाईंना साबणाचा वास आला. खिडकीत अकरा काचेचे पेले पालथे घातले होते. काल त्यांत दही होतं. विरजण अकरा घरांचं, दूध मात्र एकच. कोणाचं घट्ट लागलं, कोणाचं आंबट, आणि असं का, हे चौथीची पोरं आज वहीत लिहिणार होती.

"उद्या तपासणी आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "वास सुटला होता. मीच धुवायला लावले. त्याऐवजी हे मांडा."

टेबलावर दुकानातल्या दह्याचे प्लास्टिकचे डबे होते.

"सर, तो धडा होता!"

"धडा पुस्तकात असतो, बाई."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं संकट दारात उभं होतं. ठमीची आजी. बाईंनी चमचाभर मागितलं होतं. तिनं घरातलं सगळंच्या सगळं विरजण नातीबरोबर धाडलं होतं. शाळेसाठी हातचं काय राखायचं! सासूनं दिलेलं ते विरजण चाळीस वर्षांत तिनं एक दिवस खंडू दिलं नव्हतं.

"झाला ना अभ्यास? द्या माझं विरजण."

बाईंना मान वर करवेना. "आजी, ओतून टाकायला लावलं यांनी."

"ओतलं? जिवंत विरजण?" आजी मुख्याध्यापकांकडे वळली. "तुम्हाला दूधभात कोणी भरवला होता की नाही हो?"

तेवढ्यात शाळेच्या मावशीनं आपला जेवणाचा डबा पुढे केला. "सर रागावले तर रागावोत. सगळंच मोरीत ओतायला हात धजेना माझा. प्रत्येकातलं चमचाचमचा काढून ठेवलं."

"गुणाची गं बाई! यातलं माझं कुठलं?"

मावशीचा चेहरा पडला. डबा एकच होता. अकराही घरं त्यात कालवली गेली होती.

"आता नाही वेगळं करता येणार," बाई पुटपुटल्या.

आजीनं बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "दहा घरांचा आंबटपणा शिरलाय." तरी तिनं झाकण घट्ट लावून डबा पोटाशी धरला. "हेच लावते. बाकीच्या दहा घरांना वाटी वाटी पाठवीन. पण माझं होतं ते गेलंच."

बाईंनी खडू उचलला आणि फळाभर लिहिलं: 'आमचं विरजण मोरीत का गेलं? सविस्तर उत्तर द्या.'

"बाई, तपासणी आहे! पुसा ते."

"धडा आहे, सर," बाई म्हणाल्या आणि डस्टर स्वतःच्या पर्समध्ये टाकून त्यांनी चेन ओढली.