पळसाचं पान

दिवाळी सरून थंडी पडली, की मालनबाई आणि रुखमिणी रोज सकाळी एकोडीच्या तलावाच्या पाळीवरून जंगलाच्या कडेपर्यंत फिरायला जायच्या. कापलेल्या धानाचा वास, पाण्यावरची वाफ, बदकांचा गलबला. दोघींना याहून दुसरं सुख ठाऊक नव्हतं. घरं मात्र गावाच्या दोन टोकांना. म्हणून त्यांचा आपला रिवाज होता: पाळ संपते तिथं आधी येईल तिनं पळसाचं पान दगडाखाली ठेवून पुढं निघायचं, मागून येणारीनं ते उचलून तिला गाठायचं.

यंदा जंगलात वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती. तिकडे जाऊ नका, अशी दवंडीही झाली होती. मालनबाई हसली होती. "वाघीण मले काय खाईन? नुसती हाडं तं हायेत!"

बोलायला काय जातं! काल रुखमिणीचा गुडघा धरला, ती आलीच नाही. मालनबाई पान ठेवून एकटीच पुढं गेली आणि झाडावरून वानर खोकल्यासारखं ओरडलं, वाघ दिसला की ओरडतं तसं. ती शेताशेतांतून घरी पळाली. पान तिथंच राहिलं.

आज लाजेनं ती फिरायला न जाता शेकोटीपाशी बसून होती. इतक्यात रुखमिणीचा नवरा कवडू दारात आला.

"वहिनी, तुम्ही घरी? रुखमिणी तं तुमच्यासंग फिराले गेली ना? अजून आली नाही, फोनबी घरीच ठेवून गेली."

मालनबाई अनवाणी धावत सुटली, कवडू काठी घेऊन मागं. पाळीच्या टोकाला दगड बाजूला पडलेला, पान नव्हतं. रुखमिणीनं ते उचललं होतं. म्हणजे ती मालनला गाठायला आत गेली होती. काल जिथून पळाली, त्याच वाटेनं मालनबाई आत शिरली.

"रुखमेऽऽ!"

तिनं तीनदा हाक मारली. मग झुडपं हलली आणि रुखमिणी लंगडत बाहेर आली. मुठीत ते कोमेजलेलं पान.

"सुकलं होतं वं पान. वाटलं, तू कालपासून आतच पडली हायेस. दुसरं काही सुचलंच नाही मले."

"मी काल भिऊन पळाली, रुखमे." मालनबाईला रडू फुटलं. "तुले भेव नाही वाटलं?"

"मले तं रोजच भेव वाटते," रुखमिणी म्हणाली. "तू जातेस म्हणून येतो मी."